हातावर तुरी

माध्यमशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा थरारपट साधारण सहा ते बारा मिनिटांचा असतो. एक खून, एक पाठलाग, एक निनावी फोन आणि एक सामाजिक संदेश, एवढा ऐवज त्यात ठरलेला. पहिल्या तीन गोष्टी थरारासाठी येतात, चौथी गुणांसाठी. खुनी सापडला की पडदा काळा होतो आणि त्यावर ‘हेल्मेट वापरा’ किंवा ‘मोबाइलचा अतिवापर टाळा’ अशी पांढरी अक्षरे उमटतात. खून सुऱ्याने झालेला असला तरी हेल्मेटचा संदेश चालतो.

कर्नाटकातल्या बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या मराठी पट्ट्यात, म्हणजे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या बाजूला, या प्रकाराची मूळ अडचण वेगळीच आहे. थरारपट कॅमेऱ्यावाचून अडत नाही, कारण फोन असतो. पैशावाचूनही अडत नाही, कारण उधारी असते. पण कुणाला तरी काहीतरी ठाऊक नसणे हा कच्चा माल त्याला लागतोच, आणि इकडे नेमकी त्याचीच टंचाई आहे. भालकीत पाहुणा बसमधून उतरतो तेव्हा तो ज्या घरी जाणार तिथे चहाचे आधण आधीच चढलेले असते. अशा ठिकाणी ‘अनोळखी इसम’ हे पात्र कागदावर लिहिता येते, पण चौकात उभे करता येत नाही. काळे जॅकेट घालून, टोपी डोळ्यांवर ओढून तो उभा राहिला की पहिल्या मिनिटाला कुणीतरी विचारते, ‘‘कुणाचा रं तू?’’ दुसऱ्या मिनिटाला त्याचे आजोळ निघते आणि तिसऱ्या मिनिटाला त्याच्या मामाने तीन वर्षांपूर्वी नेलेले आणि अजून परत न केलेले फवारणीचे यंत्र.

प्रकल्पाचा आवाका किती असावा, याबद्दल जगात एकमत नाही. ब्रिटनमध्ये ओसीआर या परीक्षा मंडळाच्या माध्यम अभ्यासक्रमात बरीच वर्षे चित्रपटाची फक्त सुरुवात करून द्यायची असे, तीही जास्तीत जास्त दोन मिनिटांची. त्याआधीचा सराव याहून सोपा होता. पात्राने दार उघडायचे, खोली ओलांडायची, खुर्चीत बसायचे आणि समोरच्याशी दोनचार वाक्ये बोलायची. तिथला खून तिसऱ्या मिनिटाला होणार असल्यामुळे तो प्रत्यक्ष करावाच लागत नसे. बिदर-कलबुर्गीकडे असा अर्धवट कारभार कुणाला पटत नाही. सुरुवात केली म्हणजे शेवट हवा. शेवट हवा म्हणजे पोलीस हवेत. पोलीस हवेत म्हणजे खाकी कपडे हवेत, आणि खाकी कपडे हवेत म्हणजे होमगार्डमध्ये असलेले कुणाचे तरी काका हवेत. काका कपडे देतात, पण स्वतःसकट देतात. अशा रीतीने इन्स्पेक्टरची भूमिका कथेच्या आधी ठरते.

कथेचा शोध टपरीवर लागतो. सर्वांत लोकप्रिय कथा जुळ्या भावांची, कारण तिच्यात एका नटात दोन माणसे निघतात. या युक्तीला मराठीत मोठी परंपरा आहे. राजा परांजपे यांच्या १९६४ च्या ‘पाठलाग’चे रहस्य एकसारख्या दिसणाऱ्या दोन स्त्रियांवरच उभे होते, आणि दोन वर्षांत त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. फरक एवढाच, की तिथे दुहेरी भूमिका कथेची गरज होती आणि इथे ती दुसरा नट परीक्षेला बसल्यामुळे येते.

छोट्या चित्रपटातून मोठे काही घडत नाही असे नाही. ऑलिव्हिए ट्रेनेर यांच्या २०१० च्या एका फ्रेंच लघुपटात आंधळेपणाचे सोंग घेणारा, पियानोचे सूर जुळवणारा एक माणूस आहे. श्रीराम राघवन यांच्या २०१८ च्या ‘अंधाधुन’चे बीज त्यात आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना राघवन यांनी १९८७ मध्ये ‘द एट कॉलम अफेअर’ हा लघुपट केला, त्यातली पात्रे तर वर्तमानपत्राच्या पानांवर राहत होती. विद्यार्थ्यांना ही उदाहरणे वर्गात सांगितली जातात. वर्गाबाहेर पडल्यावर ते जुळ्या भावांकडे परततात.

संवादांची भाषा हा पुढचा प्रश्न. इथला विद्यार्थी घरी मराठी बोलतो, कचेरीत कन्नड, बाजारात दख्खनी आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी. चित्रपटात या चारही भाषा आपापल्या जागी येऊन बसतात. इन्स्पेक्टर कन्नड बोलतो, कारण काका इतर काही बोलायला तयार नसतात. साक्षीदार दख्खनीत सांगतो, ‘‘हौ साब, मैं देखा.’’ नायक ‘‘काय करलालाव?’’ असे रीतसर सीमाभागी मराठी बोलतो. आणि खलनायक? तो प्रमाण मराठी बोलतो. स्वच्छ, अनुनासिक, पेठेतले. थंड डोक्याचा, सुशिक्षित, दयामाया नसलेला माणूस दाखवायला याहून स्वस्त उपाय सापडलेला नाही. तोटा असा, की पडद्यावर पहिल्यांदा कुणी ‘‘आपण कृपया बसून घ्या’’ म्हणाला, की मागच्या बाकावरचे पोरसुद्धा खुनी ओळखते.

पात्रनिवड गुणांवर होते, पण अभिनयाच्या नव्हे. ज्याचा फोन चांगला तो कॅमेरामन, ज्याची मोटारसायकल तो नायक. ज्याची मोटारसायकल त्याच्या वडिलांची आहे तो खलनायक, कारण त्याला ती दोनच तास मिळते. नायिकेचे गणित बसच्या वेळापत्रकावर चालते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, त्यामुळे निर्मितीखर्चातली एक बाब गळाली. नायिका फुकट येते आणि दिग्दर्शक तिकीट काढून येतो. मात्र गावची शेवटची बस संध्याकाळी लवकर सुटते आणि ती चुकवायची घरून परवानगी नसते. मग नायिकेचा खून दुपारी साडेतीनच्या आत उरकावा लागतो, किंवा चित्रपट सुरू होण्याआधीच तो झालेला असतो आणि ती भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोत उरते. इकडच्या थरारपटांतल्या नायिका एवढ्या लवकर का मरतात, याचा स्त्रीवादी अभ्यास करणाऱ्यांनी बसस्थानकावरचा फलकही पाहावा.

आता लोकेशन. इथे मात्र बिदरच्या विद्यार्थ्याचा हेवा मुंबईच्या निर्मात्याने करावा. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, इथे हलवली, आणि तेव्हापासून हे गाव जणू थरारपटाची वाट पाहत उभे आहे. जांभ्याच्या लाल पठारावर किल्ला, त्याला दरवाजामागून दरवाजे, अष्टूरच्या एका रांगेत उभ्या कबरी, नौबादेजवळ जमिनीखालून पाणी आणणारे करेझ आणि जुन्या शहराच्या मधोमध चौबाऱ्याचा गोल मनोरा. झरणी नरसिंहाला जायचे तर अंधाऱ्या भुयारातून छातीएवढ्या पाण्यात चालत जावे लागते आणि डोक्यावर वटवाघळे लटकत असतात. प्रत्येक तुकडीतला एक तरी विद्यार्थी शेवटचा प्रसंग झरणीत घ्यायचा म्हणून हट्ट धरतो. मग त्याला आठवण करून दिली जाते, की पुढे-मागे भाविकांची रांग असते, फोन वडिलांचा असतो आणि खुनी दबा धरून बसला तर मागचा माणूस ‘‘सरका पुढं’’ म्हणून ढकलतो.

महमूद गावानच्या मदरशासमोर घडणारी गोष्ट जास्त खेदाची आहे. १४७२ ची ही इमारत, एके काळी तीन मजली आणि निळ्या-हिरव्या फरशांनी मढवलेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात तिचा एक भाग उडाला. ती बांधणाऱ्या वजिराचा शेवट असा झाला, की त्याच्या शत्रूंनी त्याची मोहोर सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर ती उमटवून घेतली. त्या कागदावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे निमंत्रण देणारे पत्र लिहिले आणि ते नशेत असलेल्या सुलतानासमोर नेऊन ठेवले. मोहोर आपली आहे, पत्र आपले नाही, असे वजीर सांगत राहिला. १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. सुलतानाला नंतर खरे काय ते कळले आणि वर्षभरात तोही गेला. बनावट दस्तऐवज, फितूर कारकून, नशेतला न्यायाधीश, निरपराध बळी, उशिरा आलेला पश्चात्ताप, सगळे इथे आयते आहे. त्याच भिंतीला पाठ लावून विद्यार्थी चोरीला गेलेल्या पेनड्राइव्हची गोष्ट चित्रित करतात. पेनड्राइव्हमध्ये काय आहे हे त्यांनाही ठाऊक नसते.

पेनड्राइव्ह लपवायला बिदरी डबी लागते, कारण स्थानिक रंगाला वेगळे गुण आहेत. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकायची आणि किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या लेपाने धातू काळा करायचा, ही कला इथलीच. दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक अशा वस्तूला मॅकगफिन म्हणत असे. सगळे जिच्यामागे धावतात, पण जिच्यात काय आहे याने काही बिघडत नाही, ती वस्तू. इथे मात्र बिघडते. डबी कुणाच्या तरी मावशीच्या कपाटातली असते आणि मावशी तिच्यासोबत आलेल्या असतात. खलनायक डबी घेऊन पळू लागला की चौकटीच्या कडेला एक हात पुढे होतो आणि ‘‘हळू रे’’ असे ऐकू येते.

किल्ला, मदरसा, कबरी हे सगळे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. १९५९ च्या नियमांनुसार अशा ठिकाणी चित्रीकरणाला परवाना लागतो. हातात फोन धरून फोटो काढणाऱ्याला कुणी हटकत नाही, पण तिपाई उभी केली की राखणदार उठतो. त्यामुळे या जिल्ह्यांतल्या चित्रपटांत हलत्या कॅमेऱ्याची एक खास शैली विकसित झाली आहे. समीक्षक तिला अस्वस्थतेचे प्रतीक मानतात. ड्रोनचा विषय बिदरमध्ये निघताच मिटतो. शहराला लागून हवाई दलाचा तळ आहे, तिथे लढाऊ वैमानिकांना हॉक विमानांवर शिकवतात आणि कसरती करणाऱ्या सूर्यकिरण तुकडीचे घरही तेच. त्या आकाशात भाड्याचा ड्रोन सोडणाऱ्याला थरार शोधायला कथा लिहावी लागणार नाही.

पोलीस ठाण्यात आधी कळवून ठेवणे शहाणपणाचे. टिकल्यांचे पिस्तूलही लांबून खरे दिसते आणि बाजारात ते उगारणाऱ्याच्या मागे कॅमेरा आहे हे सगळ्यांना दिसतेच असे नाही. अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागतो. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तो मित्राकडून लिहवून घेतो, मित्र घाईत असतो, आणि विषयाच्या ओळीत ‘येत्या रविवारी दुपारी तीन वाजता खून करण्यास परवानगी मिळणेबाबत’ असे काहीतरी उतरते. हवालदार तो दोनदा वाचतो. मग विचारतो, कुणाचा?

चित्रीकरण सुरू झाले की पाच मिनिटांत गर्दी जमते. ‘‘काय चाललंय?’’, ‘‘एन नडदद?’’, ‘‘क्या चल्रा?’’ हा प्रश्न तीन दिशांनी येतो आणि प्रत्येकाला त्याच्या भाषेत उत्तर मिळेपर्यंत कॅमेरा चालू होत नाही. गर्दीचा एक फायदा मात्र पाठ्यपुस्तकात नोंदवण्यासारखा आहे. दोन पात्रांमध्ये एक काल्पनिक रेघ धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा एकशे ऐंशी अंशांचा नियम समजावताना प्राध्यापकांचा घसा सुकतो. बाजारपेठेत तो कुणाला शिकवावा लागत नाही. रेघेच्या पलीकडे दोनशे माणसे उभी असतात, तिकडे कॅमेरा वळवायची सोयच नसते.

कलबुर्गीचे लोक पाठलागासाठी तुरीच्या रानात जातात. जिल्ह्याला तुरीचे कोठार म्हणतात, २०१९ मध्ये इथल्या तुरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. पीक माणूस बुडेल एवढे वाढते, ओळींमधून पळता येते, लपताही येते. पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळावे तर इथेच. पण तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते आणि शेतकरी चित्रपटाच्या सलगतेसाठी थांबत नाही. पहिल्या रविवारी नायक उभ्या, हिरव्या-पिवळ्या पिकात शिरतो. दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी भावाचे लग्न असते. तिसऱ्या रविवारी तो बाहेर येतो तेव्हा मागे क्षितिजापर्यंत नुसते धसकट. दोन दृश्ये जोडली की असे दिसते, की पाठलाग एवढा वेळ चालला की मधे सुगी होऊन गेली. एका अर्थाने ते खरेच असते.

रक्ताचे रसायन वेगळ्या परिच्छेदाला पात्र आहे. १९६० च्या ‘सायको’त न्हाणीघरातल्या खुनासाठी चॉकलेटचे पातळ सार वापरले होते, चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे ते खपले, आणि त्या एका प्रसंगाला सात दिवस लागले. इकडे कुंकू पाण्यात कालवतात, तर ते गुलाबी होते आणि खून हळदीकुंकवासारखा दिसतो. रूह अफजा रंगाला उत्तम, पण त्याला मुंग्या येतात. प्रेताच्या मानेवरून मुंग्यांची रांग चालू लागली की वास्तववाद वाढतो, प्रेताचा संयम मात्र संपतो. त्यात उन्हाळ्याच्या तोंडावर चित्रीकरण असेल तर फरशीवर पाठ टेकवता येत नाही. एप्रिलमध्ये कलबुर्गीचा पारा चाळिशीच्या वर असतो आणि मेलेला माणूस ‘कट’ची वाट न पाहता उठतो. अनुभवी दिग्दर्शक प्रेताखाली सतरंजी घालतात. मग इन्स्पेक्टर काका पडद्यावर प्रामाणिकपणे विचारतात, की मयताने झोपताना सतरंजी कुठून आणली.

रात्रीचे प्रसंग दिवसा घ्यावे लागतात, कारण रात्री सगळ्यांना घरी जायचे असते. चित्र निळे आणि काळोखे केले की रात्र झाली असे धरतात. हॉलिवूडनेही ही युक्ती वर्षानुवर्षे वापरली. फक्त तिथल्या मध्यरात्री पाठीमागून शेळ्या चरून परतत नसत.

आवाज प्रत्यक्ष जागेवर ध्वनिमुद्रित होत नाही. नायिका ‘‘कोण आहे तिथं?’’ म्हणते तोच वरून हॉक जाते. ते गेले की वरातीचा बँड येतो, बँड गेला की पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू होतो. म्हणून संवाद नंतर खोलीत घेतात. खिडक्यांवर वाकळा टांगायच्या, पंखा बंद करायचा आणि ओठ जुळेपर्यंत घाम गाळत एकच वाक्य म्हणत राहायचे. नायिकेची बस गेलेली असेल तर तिचे वाक्य दिग्दर्शक स्वतः म्हणतो. संकलन कुणी फोनवर करते, कुणी प्रयोगशाळेतल्या संगणकावर, जिथे वीज जाण्याआधी फाइल जतन करण्याची शर्यत ही चित्रपटातल्या पाठलागापेक्षा जास्त वेगवान असते. पार्श्वसंगीत कुठून तरी उचललेले असते. चित्रपट यूट्यूबवर चढवला की त्याच दिवशी हक्काची नोटीस येते आणि ऐन खुनाच्या क्षणी आवाज बंद पडतो.

एवढे होऊनही पहिला खेळ गर्दीत होतो, आणि इथे एक सैद्धांतिक मुद्दा आहे. हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत धक्का आणि उत्कंठा यांतला फरक सांगितला होता. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोट झाल्यावर त्याला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. ते त्याला आधीच माहीत असेल आणि टेबलाशी बसलेल्यांना माहीत नसेल, तर पंधरा मिनिटे तो जीव मुठीत धरून बसतो. म्हणजे पात्रांना ठाऊक नसावे, प्रेक्षकाला सगळे ठाऊक असावे. बिदर-कलबुर्गीच्या थरारपटाची स्थिती नेमकी हीच आहे. सभागृहातल्या प्रत्येकाने चित्रीकरण उभे राहून पाहिलेले असते. खुनी कोण, डबी कुणाची, प्रेत कितव्यांदा उठले, सगळे त्यांना पाठ असते. पडद्यावर नायक अंधाऱ्या जिन्याकडे निघाला की मागून सूचना सुरू होतात, ‘‘जाऊ नको रं, तिथं हाय त्यो!’’ पुण्या-मुंबईच्या महोत्सवात या चित्रपटांना असा प्रेक्षक मिळत नाही आणि तिथे ते पडतात.

मूल्यमापनासाठी चित्रपटासोबत एक वही द्यायची असते. तीत कथासार, दृश्यांची रेखाटने, वेळापत्रक आणि खर्चाचा तपशील असतो. रेखाटने चित्रीकरणानंतर काढलेली असतात, त्यामुळे ती चित्रपटाशी तंतोतंत जुळतात, त्यांत शेळ्यासुद्धा असतात. खर्चाच्या पानावर सर्वांत मोठी रक्कम चहा आणि मिरची भज्यांची.

त्यानंतर तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक चित्रपट शेवटपर्यंत पाहतात, चष्मा काढून पुसतात आणि विचारतात, की यातला खुनी नक्की कोण आणि ते प्रेक्षकाला कधी कळावे अशी योजना होती. दिग्दर्शक हिचकॉकच्या टेबलापासून सुरुवात करतो. तो अजून बाँबपर्यंत पोचलेला नसतो, तेवढ्यात चहा घेऊन आलेला शिपाई कप ठेवता ठेवता सांगतो, ‘‘जॅकेटवाला नव्हं सर, त्याचा जुळा भाऊ. जॅकेट माझं हाय. तेवढं परत द्यायला सांगा पोरांना.’’